पाण्याची वही

नळाला पाणी पाचव्या दिवशी.
माझं पाणी रोज. सहाला, दहाला, दोनला,
पुन्हा सहाला, पुन्हा दहाला.
हसलात तरी चालेल. मीही हसते.

आधी हात.
हिरेमठ सिस्टर म्हणायच्या, हात स्वच्छ तर सगळं स्वच्छ.
पण वीस वर्षांची तंबाखू
साबणाला दाद देत नाही,
नखांच्या मुळाशी बसलीय भाडेकरूसारखी.
अंगठ्याच्या मागं, बोटांच्या बेचक्यांत, चाळीस मोजेपर्यंत.
शाळा माझी मराठी, पण विडीचे आकडे
अम्मानं कानात घातलेले: ओकटी, रेंडू, मूडू...
त्याच तालात हात धुते.
दोन तांबे पाणी जातं बालदीतलं.
सासू तांबे मोजते. बोलत काही नाही.

सिव्हिलमध्ये पहिल्या दिवशी हातात आरसा दिला.
म्हणाल्या, बघा.
बेचाळीस वर्षांची मी, दोन पोरींची आई,
तिथं कधी बघितलंच नव्हतं.
तीनदा चुकले.
चौथ्यांदा नळीच्या टोकातून
स्टीलच्या भांड्यात आधी टिपटिप, मग धार,
आणि पाठीतली गाठ काढल्यापासून
दगडासारखं राहिलेलं ओटीपोट
हळूहळू माझं झालं.
पडद्यापलीकडं कुणीतरी चहावाल्याशी भांडत होतं
सुट्ट्या पैशांवरून.

आता आरसा लागत नाही.
पान काप, चिमूट टाक, वळ, दुमड, दोरा.
टीव्हीकडं बघत दिवसाला सातशे विड्या.
ज्या बोटांना अंधारात पानाची शीर कळते
त्यांना एवढी जागा कळू नये?

नळी असते श्रावंतीच्या जुन्या कंपासपेटीत,
धुऊन, सुकवून. झाकणाच्या आत पाढे छापलेले.
बारा नंबरची नळी. बारा एके बारा.
नवरा टॉवेलच्या कारखान्यात, रातपाळीला.
महिन्याला एक टॉवेल आणतो, काठ चुकलेला, सेकंडचा,
माझ्या खुंटीला अडकवतो,
आणि पोरींना दम देतो: त्याला कुणी तोंड पुसायचं नाही.
याबद्दल आम्ही एवढंच बोललोय.

गड्ड्याला गेलो तेव्हा दहा तिथंच वाजले.
संडासाला कडी नव्हती.
श्रावंती दाराला पाठ लावून उभी राहिली,
एका हातात बहिणीचा हात, दुसऱ्यात गुलाबी बुढ्ढी के बाल,
आणि रांगेतल्या बाईला म्हणाली,
आत माझी आई आहे, वेळ लागतो तिला.
एवढ्या मोठ्यानं, की पाळण्यातल्यांनाही ऐकू गेलं असेल.

वही एकच आहे. पुढून विड्यांची, मागून माझी.
परवा चेकरनं उलटी उघडली.
बोट ठेवत वाचलं: चारशे, तीनशे, अडीचशे, तीनशे, अडीचशे.
बेरीज त्यानंच केली.
काय गं नरसव्वा, रोजच्या दीड हजार वळतीस
अन् आमच्याकडं सातशेच घालतीस?
बाकीचा माल कुणाला देतीस?

मागं रांग. अकरा बाया, अकरा टोपल्या.
पंख्याला वारा नव्हता, नुसता आवाज.
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.
म्हणाले, ते पाण्याचं आहे, साहेब.
पाण्याचं?
पाण्याचं. आमच्याकडं हिशोबानं वापरावं लागतं.

त्यानं वही सरकवली,
चाळीस विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या,
त्यातल्या तीस तरी चांगल्या होत्या.

बाहेर चप्पल घालताना बालमणी जवळ आली,
टोपली कमरेवर, नजर रस्त्याकडं.
हळूच विचारलं,
आमच्या ह्यांना पण सांगितलंय डॉक्टरनं, मणक्याचं...
दुखतं का गं?

मी घड्याळ बघितलं. दोनला वीस कमी.
म्हटलं, चल घरी. चालता चालता सांगते,
मला उशीर करून चालत नाही.